बबिताच्या नावाचा दंड

दारव्ह्याहून बोरी अरबकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिवरतांड्याचा फाटा लागतो. फाट्यावर चहाची टपरी आहे. कोणी ट्रॅक्टरवाला तेलानं माखलेले हात घेऊन तिथं उतरला आणि हायड्रॉलिकचा पाइप फुटल्याचं रडगाणं सांगू लागला, की टपरीवाला मान वर न करता म्हणायचा, "तांड्यात जाय. शामचा पाइप घे. दारव्ह्याले कायले मरते?"

शामचा पाइप सगळ्या पट्ट्यात माहीत होता. फक्त शामनं जन्मात एकही पाइप बनवलेला नव्हता.

शाम राठोड खोदकामाच्या मशीनवर ड्रायव्हर. मशीन जिकडं जाईल तिकडं तो जायचा, बहुतेक वेळ मुकुटबनच्या बाजूला असायचा. पाइप बनवायची त्याची बायको बबिता. घरापुढच्या छपरीत एका जाड लाकडी मेजावर तिचं मशीन बोल्ट मारून बसवलेलं होतं. हातानं दांडा मारायचं, विजेची गरज नसलेलं, दुकानातल्या मोठ्या मशीनच्या मानानं गरिबाला झेपेल असं. काम बघायला सोपं वाटायचं. फुटलेल्या पाइपाच्या मापाचा नवा तुकडा कापायचा, आतून पुसून घ्यायचा, निपल म्हणजे लोखंडी नळी आणि तिच्याभोवतीची लोखंडी टोपी यांच्या मधल्या फटीत त्याचं टोक पिळून दाबायचं आणि ते टोक मशीनच्या तोंडात द्यायचं. दांडा मारत गेलं की मशीनचे लोखंडी गट्टे चहूबाजूंनी जवळ येतात, टोपी दाबतात आणि टोपीच्या आतले दात पाइपात रुततात. बरोबर रुतले तर ट्रॉलीभर मुरूम उचलला तरी पाइप जागचा हलत नाही.

गिऱ्हाईक यायचं आणि दारातूनच विचारायचं, "शामभाऊ हायत का?"

"नाई. पाइप दाखवा," बबिता म्हणायची.

"मंग ते आल्यावर येतो."

"पाइप करतो मी. त्यायले दाखवून काय फोटू काढाचा हाय?"

माणूस चुळबुळत बसायचा. चहा संपेपर्यंत पाइप तयार व्हायचा. तो मशीनला लागायचा, ट्रॉली वर उठायची, आणि जाता जाता तोच माणूस म्हणायचा, "शामभाऊले सांगजा वैनी, पाइप एक नंबर झाला."

बबिता हसून "सांगीन" म्हणायची. धंदा चालत होता. नावाचं काय एवढं, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. पण समजावावं लागत होतं, हेही खरं.

हे सगळं सुरू झालं ते सोयाबीनच्या एका हंगामात. शाम तेव्हा हार्वेस्टरवर होता. पाइप फुटला, दारव्ह्याला त्या मापाचा मिळाला नाही, म्हणून दोघं फुटका पाइप घेऊन यवतमाळला गेले. दुकानात गर्दी. दुपार टळली तेव्हा त्यांचा नंबर लागला, आणि दुकानदारानं बोलता बोलता पाइप करून हातात दिला. पायरीवर बसलेली बबिता बघतच राहिली. जीपमधून परतताना तिनं नवऱ्याला विचारलं, "एवढंच असते? येवढ्यासाठी आपून सकाळपासून उपाशी बसलो?" शाम हसला. ती हसली नाही. कशिद्याच्या पिशव्या, काचा लावलेले पट्टे विकून तिच्याजवळ जे पैसे साठले होते, ते तिनं मशीनला लावले. सासू रुपीबाईनं महिनाभर अबोला धरला. अबोला म्हणजे बबिताशी बोलायचं नाही. बबिताबद्दल मात्र दिवसभर बोलायचं.

"कशिदा सोडून लोखंड दाबाले बसली," ती शेजारणीला ऐकवायची, "उद्या भाकरीही मशीनमंदी घालून दाबल."

पण कशिदा सुटला नव्हता. तो बबिताच्या बोटांत होता, आणि तिथंच घोळ झाला.

पाइपाचं टोक निपलावर किती आत जायला हवं याची खूण आधी करून ठेवावी लागते. टोपी चढल्यावर आतलं काही दिसत नाही; खूण टोपीच्या तोंडाशी आली, की पाइप पुरता आत गेला असं समजायचं. यवतमाळचा दुकानदार खडूनं रेघ मारायचा. बबिता दोरा बांधायची. लहानपणी आईनं तिला बजावलं होतं, की कापडावर खडू लावायचा नाही, डाग पडतो. मापाला दोरा बांधायचा आणि काम झालं की सोडवायचा. कशिदा काढणाऱ्या बायकांची ती पद्धतच. तीच तिनं पाइपाला लावली. लाल दोऱ्याचा एक वेढा, एक गाठ. चांगली दोन वर्षं त्या दोऱ्यानं दगा दिला नाही.

सेवालाल महाराजांची जयंती जवळ आली, तसं तांड्याच्या मंदिरापुढच्या अंगणात मुरूम टाकायचं ठरलं. मुरूम आणला फुलसिंगनं. तांड्यात त्याचे दोन ट्रॅक्टर होते आणि आवाज चार ट्रॅक्टरांचा होता. त्याच्या ट्रॉलीचा पाइप बबितानं नुकताच करून दिला होता. ड्रायव्हरनं ट्रॉली मागं घेतली, ट्रॉलीचा भरलेला डाला वर उठला, मुरूम घसरायला लागला, आणि तेवढ्यात फटाका फुटावा तसा आवाज झाला. पाइप टोपीतून निसटला. डाला धाडकन खाली आला, जमीन हादरली, आणि तेलाची पिचकारी थेट मंदिराच्या ओट्यावर गेली. ओट्यावरचा सेवालाल महाराजांचा पांढरा झेंडा काळपट तेलानं वरपासून खालपर्यंत भिजला.

मुरूम नीट पडतो का ते बघायला फुलसिंग डाल्याखालीच वाकलेला होता. तोंडातला खर्रा थुंकायला म्हणून बाजूला सरला, तेवढ्यानं वाचला.

धाप टाकत तो शामच्या घरी आला. हातात तो पाइप. "कुठं हाय शाम? बोलवा त्याले! मानूस मारता काय बे?"

"ते मुकुटबनले हायत," बबिता म्हणाली. "पाइप मले द्या."

"तुले देऊन काय करू? शामले फोन लाव!"

तिनं पाइप त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला आणि उजेडात धरला. टोपीच्या दातांचे वळ पाइपावर उमटले होते, पण बोटाच्या एकाच पेरापर्यंत. हवे होते दोन पेरं. आणि लाल दोरा त्या वळांना चिकटून बसला होता. तिनं बांधला होता दोन पेरांवर. आता तो एका पेरावर होता. पाइप लवकर आत जावा म्हणून तिनं टोकाला तेल लावलं होतं. पिळून आत दाबताना तिच्याच मुठीनं तो तेलकट दोरा पुढं सरकवला होता. दोरा टोपीच्या तोंडाशी आलेला दिसला, ती समाधानानं दांडा मारू लागली, आणि पाइप अर्धाच आत राहिला.

फुलसिंग अजून ओरडत होता. तो काय बोलला ते तिला नंतर आठवलं नाही.

संध्याकाळी शाम आला. तोवर निरोप येऊन गेला होता: सकाळी मंदिरापुढं नसाब बसणार. तांड्याचं भांडण तांड्यानंच मिटवायचं, नायकाच्या पुढ्यात, ही जुनी रीत. आता कोर्ट आहे, पोलीस आहे, ग्रामपंचायत आहे; पण झेंड्यावर तेल उडालं तर माणसं नायकाकडंच जातात. आणि नसाबपुढं फुलसिंग काय मागणार, तेही कळून चुकलं होतं. मशीन बंद करा.

"मी सांगतो," शाम म्हणाला, "का पाइपाचा रोलच खराब आलता म्हणून."

"रोल चांगला हाय. त्याच रोलचे पाइप बाकीच्यायचे चालूच हायत."

"मंग त्यानं ट्रॉली जास्त भरली म्हणू. हे तं खोटं नाई. तो नेहमीच शिगोशीग भरते."

"भरते. पन अर्धी भरली असती तरी हा निघालाच असता." तिनं दोरा दाखवला, वळ दाखवले. शामनं पाइप फिरवून बघितला.

"हे कोनाले दिसत नाई," तो हळूच म्हणाला.

"मले दिसते ना."

चुलीपाशी बसलेल्या रुपीबाईला राहवलं नाही. "अवं, तो सोताहून वाट काढून देऊन राह्यला, तं जाय ना त्या वाटेनं! खराब रोल म्हन, नाई तं फुलसिंगचं थोबाड खराब म्हन. मशीन ठेवाचं हाय का नाई तुले?"

"ठेवाचं हाय. म्हणूनच."

"मी उभा राह्यतो," शाम म्हणाला. "चूक माही म्हणतो, दंड भरतो. तुले कोनी काई बोलणार नाई."

"तेच तं," बबिता म्हणाली. "मले कोनी काई बोलणारच नाई."

शामचं मन चांगलं होतं, आणि नेमकं त्याच्या चांगुलपणापुढं तिला आपलं म्हणणं मांडता येत नव्हतं.

सकाळी मंदिरापुढं सतरंज्या पडल्या. पुरुष पुढं, बाया मागं लिंबाखाली. उत्तमसिंग नायक ओट्याला पाठ लावून बसला. आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. कितीही गलका झाला तरी आवाज चढवायचा नाही, आणि नियम सोडायचा नाही. शेजारी त्याचा कारभारी बसला होता. तेलकट झेंडा घडी करून मध्ये ठेवला होता.

"बोल फुलसिंग."

"काय बोलू? मी थुंकाले सरकलो नसतो, तं आज तुमी माह्या तेरवीचं जेवण ठरवत बसले असते." लोक हसले. तो आणखी तापला. "हासता काय? घरात बसून बायामानसं पाइप करते, अन् आपून त्याच्या भरवशावर डोक्यावर डाला घेतो! ते मशीन बंद झालं पाह्यजे. आजच."

"तू डाला भरतेच केवढा बे!" मागून कोणी तरी ओरडलं.

"कोन हाय तो? पुढं ये!"

पुढं कोणी आलं नाही. नायकानं शामकडं पाहिलं. "शाम, पाइप तुह्या घरचा?"

"हो, नायक बापू."

"मंग दंड शामच्या नावानं. मंदिराले नवा झेंडा, भोगाले गूळ अन् तूप. अन् ते मशीन इकून टाक. सूनबाईच्या हातात कशिदा हाय, त्याचं नाव हाय. लोखंडाच्या नादी बाईमानसानं कायले लागाव?"

कारभारी हाक द्यायला उठला. हाक द्यायची, नाव घेतलेल्यानं उभं राहून हात जोडायचे, "मान्य" म्हणायचं, की विषय संपला. शाम उठायलाही लागला होता.

"नायक बापू," लिंबाखालून आवाज आला, "दंड चुकला."

सगळ्यांच्या माना वळल्या. बबिता उभी होती. डोक्यावर ओढणी, हातात पाइप.

"चुकला मंजे? जास्त झाला?"

"जास्त नाई झाला. नाव चुकलं."

ती बायांमधून वाट काढत पुढं आली. सतरंजीच्या कडेला थांबली, मग कड ओलांडून आत आली.

"हा पाइप यायनं केला नाई. मी केला. यायले मशीनचा दांडा कोन्या बाजूनं मारते तेही ठाऊक नाई. विचारा."

कोणी तरी खुदकन हसलं. शामनं मान खाली घातली, पण नाही म्हणाला नाही.

"अन् चूकही माही हाय. मी मापाले दोरा बांधत होती. दोरा सरकला, मले समजलं नाई, पाइप अर्धाच आत गेला. हे पाहा." तिनं पाइप नायकापुढं धरला. बोट ठेवून दाखवलं: दात इथवर यायला हवे होते, इथवरच आले. "ट्रॉली जास्त भरली होती का कमी, त्याचा काई संबंध नाई. फुलसिंगभाऊचा जीव जाऊ शकत होता. माह्या हातानं."

फुलसिंगला हे अपेक्षित नव्हतं. भांडायची तयारी करून आलेल्या माणसाच्या हातातून भांडणच काढून घेतल्यासारखं झालं. "आयका!" तो म्हणाला. "सोताच्या तोंडानं कबूल करून राह्यली!"

"करून राह्यली. मी केलं ते दुसऱ्यानं कायले कबूल कराव?"

"मंग मशीन कोन्या तोंडानं चालवशीन?"

"याच. भाऊ, मागच्या पोळ्याले तुमचा ट्रॅक्टर नाल्यात गेलता. जाता जाता लोकायचा गोठा पाडला, नसाब बसली. तवा दंड तुमच्या नावानं झालता का वैनीच्या? अन् ट्रॅक्टर इकाले लावला का तुमाले?"

लिंबाखाली बांगड्या खळखळल्या. फुलसिंगची बायको तोंडाला पदर लावून बसली होती.

"माह्या नावानं दंड द्या," बबिता नायकाला म्हणाली. "दोरा मी सोडला. आता पांढऱ्या पेंटची खूण करतो, ते सरकत नाई. दोऱ्याच्या वक्ताले जे जे पाइप केले, ते सारे मी जाऊन पाहीन. पन माही चूक यायच्या नावावर टाकू नका. चूक यायची झाली, तं पाइपही यायचेच झाले."

नायकानं पाइप हातात घेऊन नुसताच फिरवला. मग शांतपणे म्हणाला, "सूनबाई, तुहं म्हणनं समजलं. पन असा रिवाज नाई. बाईच्या नावानं दंडाची हाक या तांड्यात कधी गेली नाई. घरचा मानूस उभा राह्यते."

रिवाजाशी भांडायचं तर कोणाचा हात धरून भांडायचं? बबिता तशीच उभी राहिली. बसली मात्र नाही.

आणि मागून काठी आपटल्याचा आवाज आला.

"उत्तम्या!"

नायकाला असं बोलावणारं माणूस तांड्यात एकच उरलं होतं. रुपीबाई लिंबाच्या खोडाला धरून उठली.

"मी या तांड्यात सून म्हणून आली, तवा तू नाल्यावर उघडा पोहत होता. तवापासून मी इथंच हावो. माहं नाव काय, सांग बरं या पोट्ट्यायले विचारून. दलपतची बायको होती, मंग शामची याडी, शामची माय झाली. चांगल्याले नाई, वाईटाले नाई, माह्या नावानं कोनी हाकच मारली नाई. शिवी देली तेही नवऱ्याच्या नावानं देली!" तिला खोकला आला. "हे मशीन मले पसंत नाई. आजही नाई. पन दंड मांगाले उभी राह्यली ना हे? मंग घे तिचं नाव. गूळ-तुपाचाच तं दंड हाय, फाशी नाई द्याची."

हसावं की नाही, कोणाला कळेना. नायकानं डोक्यावरची टोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली.

"काय म्हणून हाक देऊ?" त्यानं बबिताला विचारलं. "राठोडाची सून म्हणू?"

"बबिता म्हणा," ती म्हणाली. "बबिता पाइपवाली."

कारभाऱ्यानं एकदा नायकाकडं पाहिलं. नायकानं मान हलवली. मग कारभाऱ्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि मंदिरापुढून थेट शेवटच्या घरापर्यंत पोचेल अशी हाक दिली, "बबिता पाइपवाली! मंदिराले नवा झेंडा, भोगाले गूळ अन् तूप! दंड मान्य?"

"मान्य," बबिता म्हणाली. तिनं हात जोडले.

"अन् मशीन?" फुलसिंग उसळला. "मशीनचं काय?"

"दंड कोनाले पडला?" नायकानं विचारलं.

"हिले."

"हिनं मानला?"

"मानला, पन..."

"पन नाई. दंड मानला का मानूस मोकळा. त्याचं गाठोडं पुन्हा कोनी सोडाचं नाई. तुह्या नाल्याच्या वक्ताले हेच मी बोललतो, आठवते? दंड शामवर राह्यला असता, तं शाम मोकळा झाला असता अन् हिचं मशीन गेलं असतं. आता मोकळी हे झाली, अन् हिचं मशीनही. उठा."

आणि तो स्वतःच आधी उठला.

दंड भरला गेला. झेंडा बबितानंच शिवला. त्यानंतर ती पान्यांची पिशवी घेऊन शामच्या मोटारसायकलवर मागं बसून गावोगाव फिरली. ज्या ज्या ट्रॅक्टरला, लोडरला तिचा दोऱ्याच्या काळातला पाइप होता, त्याची टोकं तिनं तपासली. शंका आली तो पाइप काढून नवा लावला. लोक वैतागले. "चालू हाय ते कायले काढता?" म्हणाले. बोरी अरबच्या एकानं तर सांगून टाकलं, की एवढी शंका असेल तर मी आता दारव्ह्यालाच जाईन. "जा," ती म्हणाली, "पन हा काढून जा." काही गिऱ्हाइकं खरंच तुटली. टपरीवाला मात्र आता "पाइपवालीकडं जाय" म्हणायला लागला. कधी कधी चुकून अजून "शामचा" म्हणतो.

सगळ्यात शेवटी फुलसिंग राहिला. ट्रॉलीला त्यानं दारव्ह्याहून पाइप आणून लावला होता. पण दुसऱ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरला बबिताच्याच हातचा जुना पाइप होता. ती गेली तेव्हा ट्रॅक्टर सुरू होता, लोडरमध्ये शेणखत भरलेलं, आणि तो निघायच्या बेतात.

"खाली घ्या तो लोडर," ती समोर उभी राहून म्हणाली. "पाइप पाहाचा हाय."

"सरक बाजूले. चालू हाय तो. मले घाई हाय."

"तुमाले घाई हाय, पाइपाले नाई."

"तुहा पाइप मी वापरतो का फेकतो, तुले काय कराचं? पैसे देलेत मी."

"पैसे तुमी देले. हात माहा हाय त्याच्यात. खाली घ्या."

फुलसिंगनं हॉर्न वाजवला. ती जागची हलली नाही. त्यानं पुन्हा वाजवला. शेजारपाजारची माणसं दारात आली.

"अन् नाई घेतला तं?" तो वरून ओरडला. "काय करशीन?"

"नसाब बसवीन," बबिता म्हणाली. "तुमच्या नावानं."

फुलसिंगनं आजूबाजूला पाहिलं. मग दांडा ओढला. लोडर हळूहळू खाली टेकला. त्यानं चावी फिरवली आणि ट्रॅक्टर बंद झाला. बबितानं पिशवीतून पाना काढला, ओढणी कमरेला खोचली आणि लोडरखाली वाकली.